न्हाणीवरचा घेवडा

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या घरामागं हिरवं म्हणावं असं एकच काही उरलं होतं: न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला घेवड्याचा वेल. तिसगावच्या पुढं आमची वस्ती. शेतातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली होती. नवरा ऊसतोडीला कारखान्याकडं गेलेला. सासूसासऱ्यांना एकटं सोडता येईना, म्हणून मी मागं राहिले. आम्ही तिघं रोज तलावाच्या दुष्काळी कामावर जायचो. सासरे दगड फोडायचे, आम्ही दोघी पाट्या वाहायचो.

संध्याकाळी घरी आल्यावर बोलायलाही कुणाच्या अंगात त्राण नसायचं. रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची भाकरी आणि घेवडा. शेंगा कोवळ्या असल्या तर चिरून भाजी, जून झाल्या तर सोलून दाण्यांचं कालवण. रोज तेच. मला त्या वासाचा वीट आला होता. पण दाणा चांगला शिजला की तोंडात आपोआप विरघळायचा. चावायचे तरी कष्ट नाहीत, एवढंच बरं वाटायचं.

वेलाला वेगळं पाणी कुठलं घालणार? आडात गाळ राहिला होता आणि टँकर येईल तेव्हा खरा. सासूबाईंचा दंडकच होता, आंघोळ थोडक्या पाण्यात करायची, पण न्हाणीतच. हात धुवायचे तेही तिथंच.

उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस सासऱ्यांनी दगड फोडता फोडता हातोडा खाली टाकला आणि तिथंच खडीवर आडवे झाले. कमरेतून जांघेकडं कळ उतरत होती, लघवीला आग होत होती. कामावरच्या ट्रकमधून आम्ही त्यांना तिसगावला नेलं. डॉक्टरांनी सुई टोचली आणि म्हणाले, "मुतखडा आहे. भरपूर पाणी प्यायला द्या." सासूबाई त्यांच्या तोंडाकडं नुसत्या बघत राहिल्या.

घरी येऊन त्यांनी मडक्यातले हुलगे काढले, उकळले आणि वरचं पाणी सासऱ्यांना दिलं. घेवड्याच्या वाळल्या शेंगांची टरफलं त्या कधी फेकत नसत. लघवी मोकळी होते म्हणून जपून ठेवायच्या. त्यांचाही काढा झाला. सासऱ्यांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं.

"लई कडू हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"कडू न्हाई. मातीवानी लागतंय."

"लागू द्या. प्या."

पण काढ्याला पाणी लागायचं, वर प्यायलाही लागायचं. हंड्याचा तळ दिसायला लागला तसं मी म्हटलं, "आत्याबाई, आंघोळीचं पाणी मामांना प्यायला ठेवू या."

"आन् घेवड्याचा येल?"

मग त्यांनी स्वतःच हंड्यावर झाकण ठेवलं. "जाऊ दे. आपून आंग पुसून घिऊ."

वेल बुडापासून पिवळा पडत गेला. पाट्या वाहून आल्यावर तिकडं बघायचं मी टाळायची. शेवटी सासूबाईंनी हाताला लागतील त्या सगळ्या शेंगा खुडल्या. दाणे शिजायला, टरफलं काढ्याला.

"बियाला काईच ठेवायचं न्हाई?" मी विचारलं.

"बी मागून आनता येतंय," त्या म्हणाल्या आणि मूठभर दाणे पातेल्यात टाकले.

असं बरेच दिवस चाललं. सासऱ्यांना कळ यायची, जायची. ते भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. मग एका सकाळी ते परसाकडून आले आणि दाराला टेकून खाली बसले. "पडला वाटतं खडा," म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, नुसता दमलेपणा होता. सासूबाई चुलीपुढं होत्या. राखेनं भरलेला हात कपाळाला लावून त्या तशाच बसून राहिल्या. खडा हुलग्यानं पडला, टरफलांनी पडला की नुसत्या पाण्यानं, याचा विचार करायचीही कुणाची ताकद नव्हती.

त्या दिवशी आम्ही दोघी कामाला निघालो, पण उशीर झाला होता. वाटेत लिंबाखाली सासूबाई म्हणाल्या, "जरा टेकते." पाटी उशाला घेऊन त्या आडव्या झाल्या आणि लगेच घोरू लागल्या. लांबून मुकादमाची हाक ऐकू आली. मी त्यांना उठवलं नाही. मीही शेजारी लवंडले.