प्रस्तावनेचा संकल्प

बनारसमधल्या आमच्या मंगला गौरी मोहल्ल्यातल्या मराठी घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. हे कोणत्या वयात सुरू होतं आणि का, यावर मी घरोघरी हिंडून शोधनिबंध लिहिला. अडली ती प्रस्तावना. तिने ओढून नेलं तरच पुढचं वाचायचं, हा माझ्या सरांचा नियम. आणि त्यांनी निबंध छापायला पाठवू दिल्याशिवाय माझी पीएचडी पुढे सरकणार नव्हती.

मी थाटात सुरुवात केली होती. आधी भाषा म्हणजे काय, मग भारतातल्या भाषा, मग काशीचं माहात्म्य, मग मराठी माणसं इथे कशी आली. सरांनी पहिल्याच पानावरून परत केली. "इसमें आप कब आएँगी?" एवढंच विचारलं. मला भयंकर राग आला. घरी बाबांना दाखवली, तर ते खूश. बाबा पौरोहित्य करतात.

"एकदम शास्त्रोक्त आहे," म्हणाले. तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी शेजारी सत्यनारायण होता. बाबा पूजा सांगत होते, माझं लक्ष प्रसादाकडे. यजमानांच्या तळव्यात पळीभर पाणी घालून बाबांनी संकल्प सुरू केला. जंबुद्वीप, भरतखंड, वाराणसी क्षेत्र, संवत्सर, तिथी, मग यजमानांचं गोत्र, नाव, आणि कोणती पूजा करणार ते. अख्खं विश्व उरकून बाबा एका दमात त्या माणसापाशी पोहोचले, कारण पाणी बोटांतून गळत होतं. क्रम मी बाबांचाच उचलला होता. फक्त माझ्या वाचकाला चार पानं हात पुढे करून बसवून ठेवलं होतं. मला इतकं हसू फुटलं की आईने डोळे वटारले.

प्रसाद खाऊन लगेच लिहायला बसले. भारत एका वाक्यात, बनारस दुसऱ्यात. मग इतरांनी काय पाहिलं, काय पाहायचं राहिलं आणि ते मी कसं पाहिलं. काशीचं माहात्म्य खोडताना जिवावर आलं, पण खोडलं. अर्ध्या पानात सगळं बसलं, आणि मला फार हलकं वाटलं.

सर चहा पीत वाचत होते. अर्धं पान संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"तो बच्चे हिंदी में कब जवाब देने लगते हैं?"

मी सांगायला लागले, तर हातानेच मला थांबवून त्यांनी पान उलटलं.