लिंबाची जपानी गाठ

राळेगावच्या बाजारात माझ्या दुकानाशेजारी नाडे-गोंडे विकणारे एक काका बसतात. जपानी तलवारीच्या म्यानावर रेशमी दोरीच्या शोभिवंत गाठी कशा बांधतात, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि तेव्हापासून त्यांच्या हाताला चैन नाही. तलवार नाही, म्हणून ते लाटण्यावर, छत्रीवर, माझ्या पाण्याच्या बाटलीवरसुद्धा दोरीची फुलपाखरं बसवतात. प्रत्येक वाक्य "मजाक नाही भाऊ" म्हणूनच सुरू करतात.

माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांना एकदाचं खरं म्यान मिळालं, नवरदेवाच्या कट्यारीचं! लाल दोरीचं काय देखणं फुलपाखरू बांधलं त्यांनी! पण वरात निघताना कट्यारीच्या टोकाला लिंबू खोचायचं, तर कट्यार म्यानातून बाहेरच येईना. मूठ आणि म्यान दोन्ही गाठीत आवळलेली. नवरदेवाची आई कैची घेऊन धावली. काका आडवे आले.

"मजाक नाही वहिनी! मुहूर्त दुसरा भेटन, अशी गाठ पुन्हा बसत नाही!"

शेवटी त्यांनी लिंबूच दोरीत गुंफलं. नवरदेव ते झुलवत मांडवात आला.

अंतरपाट दूर झाला तेव्हा सगळे नवरीकडे पाहत होते. काका मात्र लिंबाकडे पाहून डोळे पुसत होते.