उंटाच्या पोटातला उतारा

सरकारी नोकरीतून माणूस रिटायर होतो, किस्से होत नाहीत. ते पेन्शनीसारखे येतच राहतात. नव्वदच्या दशकात मी खर्डीच्या पुढे, जनावरांच्या एका संशोधन केंद्रावर क्लार्क होतो. तिथला प्रत्येक किस्सा भीतीचा आहे आणि प्रत्येकात उंट आहे.

उंट आमच्या डॉक्टरसाहेबांनी मुरबाड रस्त्याने जाणाऱ्या उंटवाल्यांकडून घेतला. आपल्या ओल्या रानात उंट काय खातो, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी डाव्या कुशीतून थेट पोटात खिडकी पाडायची, तिला रबरी बूच बसवायचं आणि रोज हात घालून आतला पाला काढायचा. मी विचारलं, तो चरताना मागे उभं राहून बघितलं तर? साहेबांनी अशी नजर टाकली की पुन्हा मी संशोधनात लक्ष घातलं नाही.

ऑपरेशनला भूल फक्त कातडीपुरती. उंट बसलेला, डोळे टक्क उघडे. मध्येच वीज गेली. टॉर्च माझ्या हातात आला.

"घाबरताय काय? खिडकी त्याच्या पोटाला करतोय," साहेब म्हणाले.

तेवढ्यात उंटाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढचं ऑपरेशन थरथरत्या उजेडात झालं.

पुढे ठाण्याहून मोठे साहेब पाहणीला आले. बूच काढताच आतला वायू त्यांच्या तोंडावर आला. डॉक्टर आदराने म्हणाले, "हात घालून बघा ना सर, छान ऊब आहे." सर न जेवता खर्डी स्टेशनकडे गेले. त्यांच्यासाठी केलेलं चिकन आम्ही खाल्लं, पण बूच लागलंय ना, हे दोनदा बघून.

एकदा चरताना बूचच पडलं. कुशीला भगदाड आणि तोंडाने निवांत रवंथ! त्या दिवसापासून शेजारच्या पाड्यावरच्यांनी आमची वाट सोडली. येत राहिली फक्त गोठा झाडणारी बारकी.

तिची सून बाळंतपणानंतर तापाने फणफणली होती. औषध चालू होतं, तरी बारकीने सुनेवरून उतारा काढून तिठ्यावर ठेवला. दुसऱ्या सकाळी साहेबांच्या हाताला पाल्याबरोबर कुंकू लागलेलं अर्धं लिंबू आलं.

बारकीच्या हातातला झाडू गळाला. "साहेब, तो आत टाका. माज्या सुनेचा ताप हाय त्यो. भाईर काढलात तर परत तिलाच धरंल."

साहेब हसले नाहीत. लिंबू आत टाकून त्यांनी बूच लावलं.

सुनेचा ताप उतरला. उंटाने चारा सोडला.

साहेबांनी सगळी औषधं केली. उंट मान टाकून पडला. शेवटी साहेबांनी माझ्याकडे न बघता बारकीला विचारलं, "उंटाचा उतारा कसा काढतात गं?"

आम्ही उंटाला धरून उठवला. माझ्या ऑफिसातल्या स्टुलावर चढून, घामाघूम होत, साहेबांनी त्याच्या डोक्यावरून नारळ-लिंबू ओवाळलं. मी स्टूल धरलं होतं. ह्या वेळी टॉर्चपेक्षा जास्त हललं.

बारकीने पदर सावरला. "ते झालं साहेब. पण आता ह्यो उतारा ठेवायचा कुठं? सगळ्या तिठ्यांवरून तुमी ह्यालाच चरायला नेताय."