मी न केलेले फोन

ह्या ग्रुपवरचे अनुभव आजवर मी वाचले ते जेवताना करमणूक म्हणून, राग मानू नका. आमचं घर बौद्ध. भूत, भानामती, अंगात येणं ह्या शब्दांनाच घरात बंदी. कुणी असलं काही सांगायला लागलं की बाबा सरळ उठून चपला घालायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण सांगायला दुसरी जागा नाही.

लातूरला औसा रोडवर एका प्लॉटिंगवाल्याच्या ऑफिसात मी कामाला होतो. चौकशी करून गेलेल्या प्रत्येकाचं नाव, नंबर, पत्ता, बजेट सॉफ्टवेअरमध्ये भरायचं आणि मग फिल्टर लावून गट पाडायचे. नोकरदार वेगळे, व्यापारी वेगळे, नुसता भाव विचारून जाणारे वेगळे. ज्या गटाला जो मेसेज, तो एका क्लिकवर जायचा. मला ते काम आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. त्यावरून काही कळत नाही आणि मीही कधी कळू दिलं नाही. बाबांना सांगून ठेवलं होतं, ऑफिसच्या वेळेत फोन केलात तर 'जय भीम' म्हणू नका, नुसतं 'हॅलो' म्हणा. नांदेडला रेल्वेत उभी हयात काढलेला माणूस. मालक रागावतो का, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही.

नव्या साइटच्या भूमिपूजनाला निवडक लोकांना बोलवायचं होतं. शनिवारी दुपारी मालकाने मला लॅपटॉप घेऊन केबिनमध्ये बसवलं. आत मोबाइल न्यायची परवानगी नव्हती, त्यामुळे माझा फोन बाहेर ड्रॉवरमध्ये, कुलपात. बजेटचा फिल्टर लावून झाला. मग मालक म्हणाला, "आता भागाचा लाव. सिद्धार्थनगर, भीमनगर... असल्या समद्या वस्त्या काढून टाक, नांदेडकडच्या बी. ती लोकं पुढं बसली की बाकीचे बुकिंग करत न्हाईत. धंदा हाय बाबा."

धंदा! एवढं बोलताना ह्या माणसाचा आवाजसुद्धा बदलला नाही. मी त्या वस्त्यांवरची खूण काढली, नावं गळाली. गळालेल्यांत एक नाव बाबांचं होतं. माझ्याजवळ प्लॉट घ्यायचा म्हणून त्यांनी आमच्या नांदेडच्या प्रदर्शनात स्वतः जाऊन चौकशी नोंदवली होती. मालक स्क्रीनवर फक्त खालचा आकडा बघत होता. मी बटण दाबलं.

रविवारी साइटवर मंडप भरला आणि पुढच्या रांगांत कोण, तर ती गळालेली माणसं. बायका-पोरांसकट, इस्त्रीच्या कपड्यांत. मला वाटलं फिल्टर उलटा लागला. तिथेच उभ्या उभ्या फोनवर तपासलं, तर मेसेज गेलेल्यांत त्यांतलं एकही नाव नाही. तेवढ्यात सिद्धार्थनगरच्या एक नर्सबाई जवळ आल्या आणि माझे आभार मानू लागल्या. मी म्हणे त्यांना शनिवारी दुपारी फोन केला होता. पुढच्या खुर्च्या तुमच्यासाठी ठेवल्यात, असं फार अदबीनं सांगितलं होतं. शेजारी बसलेले एक सरही तेच म्हणाले, त्यांच्या मागचेही तेच...

मग ऑटोतून बाबा उतरले. भर मंडपात, मालकाच्या देखत, खड्या आवाजात म्हणाले, "जय भीम, बाळा."

मी पुढे धावलो, हळू बोला म्हणालो.

"तूच तर म्हणलास फोनवर. बाबा, आल्या आल्या जय भीम घाला, मोठ्यानं. लई दिवस झाले ऐकून, म्हणलास."

मी त्यांचा मोबाइल घेऊन बघितला. शनिवारी दुपारी, मी केबिनमध्ये बसलेलो असताना, माझ्या नावाचा आलेला कॉल. चांगला लांब. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा मागमूस नाही.

मालक कुणालाच वाकडं बोलला नाही. सगळ्यांना चहा दिला आणि हसत हसत सांगितलं, प्लॉट केव्हाच बुक झालेत. बाबांनी चहा अर्धा ठेवला. संध्याकाळी मला नोकरीवरून काढलं, आपल्या लोकांना गुपचूप फोन करून बोलावलं म्हणून. मी शनिवारची अख्खी दुपार त्याच्यासमोर बसून होतो ह्याला जगात एकच साक्षीदार होता, आणि तो हाच हलकट!

सिद्धार्थनगरात उलटंच झालं. पोराने नोकरीवर लाथ मारली पण समाजाचा मान राखला, म्हणून माझा सत्कार केला, शाल घातली. मी ती घेतली. काय सांगणार होतो... की तुमची नावं काढणारा मी आणि तुम्हाला बोलावणारा कुणी दुसराच?

मोबाइल दुरुस्तीवाल्याला दाखवून झालं, सॉफ्टवेअर कंपनीला विचारून झालं. नंबर कुणी चोरला असेल असं मित्र म्हणतात. मग आवाज? बापाला पोराचा आवाज कळत नाही? कुणाकडे उत्तर असेल तर खाली जरूर लिहा.

बाबांनी प्लॉटचं नाव पुन्हा काढलं नाही. फोन मात्र रोज करतात, आता जय भीम म्हणूनच सुरुवात. परवा म्हणाले, "त्या दिवशी फोनवर कसा बोललास, तसा बोल की एकदा."

मी बोलून बघितलं. आवाज मोठा केला, जय भीमही घातला.

"न्हाई रे. तसं न्हाई," म्हणाले आणि फोन ठेवला.