दोन गिअरची साक्ष

ती घटना मला आजही आठवते, आणि सगळ्यात आधी आठवते ते एक रिकामे वर्कशॉप. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बोटयार्डात नागपूरच्या एक इंजिनिअर बाई वेगवान बोटींचे गिअर दुरुस्त करीत. आम्हा पोलिसांची चौकशी सुरू झाली आणि त्यांच्या दारातल्या बोटी एकेक करून दुसरीकडे गेल्या. नवऱ्याची ब्रॅकनेलमधली आयटीची नोकरी त्याआधीच सुटली होती, त्यामुळे घर त्या वर्कशॉपवरच चालत होते. थंडीत हीटिंग फक्त मुलीच्या खोलीत लावायचे, बाकीच्यांनी स्वेटर घालून बसायचे. त्यात कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरायचा होता. गुन्हा शाबित झाला असता तर वर्कशॉपही गेले असते आणि हा देशही.

झाले होते असे. रविवारी दुपारी एक वेगवान बोट बंदराच्या तोंडाशी उभ्या असलेल्या छोट्या शिडाच्या बोटीवर जाऊन आदळली. आत एक वयस्कर गृहस्थ चहा करत होते. त्यांच्या मांडीचे हाड मोडले. वेगवान बोट तिचा मालक स्वतः चालवत होता. त्याचा जबाब सरळ होता : "गिअर तुटला, स्टिअरिंग गेलं, मी काय करणार?" आणि तो गिअर बाईंनी त्याच उन्हाळ्यात, जुना साधा गिअर काढून, जास्त मजबूत म्हणून बसवलेला.

या बोटींत इंजिन आत असते आणि मागे पाण्यात एक पाय सोडल्यासारखा भाग लटकतो. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. इंजिनाची ताकद त्या पायातल्या गिअरमधून वळून प्रोपेलरपर्यंत पोहोचते. बोट वळवायची ती हाच पाय वळवून. म्हणजे गिअर तुटला की ढकलणारा जोर संपला, आणि जोर संपला की वळणेही संपले. मालकाचे म्हणणे ऐकायला पटणारे होते.

दोन दिवसांनी निनावी फोन आला. "ती बाई बिल भारी गिअरचं लावते आणि आत स्वस्तातला माल घालते." आम्ही ड्राइव्ह उघडवला. गिअरचे दाते खरोखर तुटलेले. आमचा सार्जंट खूश झाला. मला मात्र त्या फोनचे नवल वाटले. नोकरीत मी पुष्कळ टिपा ऐकल्या. खरी टीप देणारा माणूस घाबरलेला असतो, अर्धे सांगतो, मधेच शेजाऱ्याचे गाऱ्हाणे काढतो. हा गृहस्थ पाठ करून आल्यासारखा बोलला होता.

बाई माझ्यासारख्याच मराठी आहेत हे कळताच मी इन्स्पेक्टरसाहेबांना सांगितले. ते म्हणाले, ओळख नाही ना, मग चालू दे. पण सार्जंटला बरोबर घे आणि सगळे इंग्रजीत. मी आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस. तेही राज्यशास्त्र घेऊन बी.ए. गिअरमधले मला ओ की ठो कळत नव्हते. पण अभ्यास करून परीक्षा पास होणे मला येत होते, आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. आठवडाभर रोज ड्यूटी संपल्यावर मी गिअर वाचले.

जबाबाच्या दिवशी बाई वकिलाबरोबर आल्या. कॉरिडॉरमध्ये माझ्या छातीवरचे नाव वाचून थबकल्या.

"अहो, तुम्ही आपल्याकडचे ना?"

"हो. पण आत इंग्रजीतच बोला. रेकॉर्डिंग चालू असतं."

"बोलायचंच नाहीये मला. वकील म्हणतात, फक्त नो कॉमेंट म्हणा."

आणि त्यांनी तसेच केले. गिअर कुठून आणला? नो कॉमेंट. कुणी बसवला? नो कॉमेंट. इथे हा माणसाचा हक्क आहे आणि त्याचा मी मान राखतो. शेवटी मी माझ्या वाचनाच्या जोरावर विचारले, "जुना साधा गिअर इतकी वर्षं चालला आणि तुमचा मजबूत म्हणवणारा एका उन्हाळ्यात मोडला. मग तो मजबूत कसा?"

बाईंचा चेहरा लाल झाला. "काय वाटेल ते बोलताय! ताकद वेगळी आणि टिकाऊपणा वेगळा!"

"मॅडम, प्लीज," वकील म्हणाला.

"तुम्ही थांबा हो जरा. हे दोघं जण चुकीचं लिहून घेतील." त्या माझ्याकडे वळल्या. "एका फटक्यात गिअर किती सोसतो, ती ताकद. लाख छोटे फटके किती वर्षं सोसतो, तो टिकाऊपणा. जुना गिअर थकून मेला. माझा कुणीतरी मारलाय. दोन्ही शेजारी ठेवा, मी दाखवते."

सार्जंट माझ्या कानाशी पुटपुटला, "आता हिला थांबवायला कुठला गिअर लावायचा?"

"जुना गिअर आहे कुठे?" मी विचारले.

"माझ्या रॅकवर. बोटीच्या नावाची चिठ्ठी लावून."

नागपूरला त्यांच्या वडिलांचे स्कूटरचे गॅरेज होते. तिथली रीत अशी, की पार्ट बदलला की जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बघा, हा काढला. बाईंनी इथेही तेच केले. बोटमालकाने तो तेलकट तुकडा पाहून नाक मुरडले आणि म्हणाला, फेकून द्या. बाईंना फेकवेना.

आम्ही रीतसर जाऊन तो मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला आणि पुढच्या जबाबात दोन्ही गिअर सीलबंद पारदर्शक पिशव्यांत टेबलावर ठेवले. फरक माझ्यासारख्या बी.ए.वाल्यालाही दिसला. जुन्याच्या तडकलेल्या दात्यावर शिंपल्यावर असतात तशा रेघा होत्या. तडा रोज थोडा थोडा सरकत गेल्याच्या त्या खुणा. नव्याचे दाते जाड, बाकी पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत, झीज नावाला नाही; आणि जिथे मोडले तिथे खडीसाखर फोडावी तसे ताजे, खडबडीत. बाईंनी सांगितले की वरचा थर कडक करायचा आणि गाभा थोडा मऊ ठेवायचा, म्हणजे धक्का आत जिरतो. अंगठ्याएवढे ते दाते शेकडो घोड्यांची ताकद वळवतात, हे ऐकताना मला त्या धातूचेही कौतुक वाटले आणि सांगणारीचेही.

"मग इतका मजबूत गिअर मोडला कशाने?"

"प्रोपेलर कशात अडकला होता?"

"त्या दुसऱ्या बोटीच्या नांगराच्या साखळीत. मालक म्हणतो, गिअर तुटल्यावर बोट वाहत गेली आणि मग अडकला."

बाई हसल्या. चौकशी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच. "साहेब, गिअर आधीच तुटला असेल तर प्रोपेलरला ताकद कुठून आली? मोकळा प्रोपेलर साखळीला लागून गप उभा राहील. साखळी वर काढा. तिच्यावर नुसते ओरखडे असतील तर मी खोटी."

त्या दिवशी एका आरोपीने मला आपल्याविरुद्ध जाऊ शकणारा पुरावा तपासायला पाठवले. असे माझ्या नोकरीत त्याआधी कधी झाले नव्हते.

साखळी अजून तळाशीच होती. ती वर काढली तेव्हा सार्जंटने शीळ घातली. लोखंडात खोल खाचा पडल्या होत्या आणि एक कडी ओढून लांब झाली होती. प्रोपेलरची पाती टोकांना मुडपली होती. प्रोपेलर पूर्ण जोरात फिरत असतानाच साखळीवर बसला होता. म्हणजे तोवर गिअर शाबूत होता, आणि स्टिअरिंगही; गिअर मोडला तो साखळीच्या झटक्याने. बाहेरच्या तपासनिसाने दोन्ही गिअर तपासले. माल अस्सल, बसवणी निर्दोष, नवा गिअर एकाच फटक्यात मोडलेला.

मालकाला पुन्हा बोलावले. साखळीचे फोटो त्याच्यासमोर मांडले आणि गप्प बसलो. जबाब घेताना गप्प बसणे हे फार मोठे काम असते. त्याने पाणी मागितले, घड्याळ पाहिले, मग म्हणाला, "धक्क्यावर माझे मित्र उभे होते. त्यांना हात करायला मागे वळलो होतो." आणि तो फोन? तेही त्याने सांगितले. त्याच मित्रांपैकी एकाने केला होता.

या प्रकरणाने मला शिकवले, की मोडलेली वस्तू हातात आली की लोक ती बनवणाऱ्याकडे बोट दाखवतात; पोलिसाने आधी ती कशी मोडली ते विचारावे. आणि आपले काम मनापासून जाणणाऱ्या माणसाला बोलू द्यावे. त्याच्यासमोर त्याच्या कामाबद्दल कुणी चुकीचे बोलले, तर त्याला गप्प बसवत नाही. बाईंना गप्प बसून सुटण्याचा सल्ला होता. त्या बोलून सुटल्या, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

बोटमालकाने कोर्टात बेफाम बोट चालवल्याचा गुन्हा कबूल केला. ते वयस्कर गृहस्थ काठी घेऊन चालू लागले. बाईंवरची चौकशी बंद झाल्याचे कळवायला मी स्वतः वर्कशॉपमध्ये गेलो. पुढच्या वर्षी त्या कुटुंबाला कायमचे वास्तव्य मिळाले.