करंजाच्या झाडाचे फोटो

आमच्या प्रार्थनाघराच्या भिंतीवर येशूचं चित्र नव्हतं. करंजाचं एक झाड व्हतं. मागं डोंगराची रेघ, पुढं भाताची खाचरं, आन एका अंगाला कललेलं ते झाड. फोटो आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काढलेला.

भिवंडीत तवा आम्ही किरिस्ताव म्हणजे आठ-नऊ घरं. बहुतेक नगरकडून कापडाच्या लूमवर कामाला आलेली. देऊळ कुठलं बांधायला, एका चाळीत खोली घेतली व्हती, तेच प्रार्थनाघर. रविवारी पाळक ठाण्याहून यायचे. दुपारपर्यंत गाणी, वाचन, उपदेश, सगळं व्हायचं. भिंतीपल्याड लूम चालू आसायचे, त्यामुळं गाणी मोठ्यानं म्हणायची सवय लागली.

मालक फोटोच्या दुकानात कामाला. शेठ मुसलमान, माणूस भला. दुकान शुक्रवारी बंद ठेवायचे, पण ह्यांना सुट्टी रविवारची द्यायचे, आन वर कॅमेरा पण न्यायला द्यायचे. प्रार्थना झाली की हे सायकल काढायचे आन वळ गावाच्या बाजूला जायचे. तेच झाड, तीच खाचरं. पावसात पाणी भरलेलं, मंग हिरवं, मंग पिवळं, मंग कापून मोकळं, मंग भाजून काळं. मी एकदा म्हणलं, दुसरं काही दिसत न्हाय का तुम्हाला, भिवंडीभोवती डोंगर हायत, खाडी हाय. तर म्हणाले, "पाळक बोलून प्रार्थना करतात. मला बोलता येत न्हाय. मी बघून करतो." आसं बोलणारा माणूस न्हाय तो. दिवसाला दहा शब्द बोलला तर लई. म्हणून मला ते लक्षात राहिलं, आन बरं पण वाटलं.

नाताळाच्या आधी त्या फोटोंची कार्डं व्हायची. ते काम आमच्या दोघांचं. हे दुकानात फोटो धुऊन आणायचे, घरी बसून ब्रशनं रंग भरायचे. आभाळाला एवढासा निळा, खाचरांना पोपटी. मी पुठ्ठे कापायची. सायझिंगवाल्याकडून वाटीभर खळ आणायची, सुताला लावतात ती, डिंकापेक्षा घट्ट. त्यानं फोटो चिकटवायचा, कडेनं भाताच्या लोंब्या, वाळलेलं गवत, पिंपळाचं जाळी पडलेलं पान लावायचं. खाली हे शास्त्रातलं वचन लिहायचे, मोत्यासारखं. नाताळाच्या सकाळी प्रत्येक घराला एक. लोकं वर्षभर भिंतीला लावायचे. मला वाचता येत नव्हतं धड, पण लोंब्या कशा लावायच्या ते मला कळायचं.

आता पोरीचं सांगते.

हे फोटो सुरू झाले त्याच्या आधी, उन्हाळ्यात, मला मुलगी झाली. नऊ दिवस जगली. बाप्तिस्मा येत्या रविवारी ठरलेला, नाव पाळकांनी सांगायचं ठरलेलं. मला ताप भरला, दवाखान्यात नेलं, दोन दिवस मला काही शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तर दूध भरलेलं आन पोरगी न्हाय. हे खाटेजवळ बसलेले. म्हणाले, कबरस्थानात ठेवली, खाडीपल्याड, भिंतीजवळ सावलीला. पाळक त्या आठवड्यात गावाला गेले व्हते, म्हणून हे एकटेच जाऊन आले.

मी नंतर दोनदा म्हणलं, मला न्या. एकदा म्हणाले पाऊस सरू दे. एकदा म्हणाले लहान लेकरांच्या जागेवर दगड नसतो, गवत वाढतं, जाऊन काय बघशील. घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायचं काम व्हतं, चाक फिरवलं की डोकं पण फिरत राहतं, दिवस जातो. दुसरं मूल झालं न्हाय. तीन वर्षं आशी गेली.

चौथ्या नाताळाला पंधरा दिवस आसतील. सकाळची वेळ, हे ड्युटीवर गेलेले. मी दारात ऊन बघून बसले व्हते, समोर पुठ्ठे, खळीची वाटी, फोटो पसरलेले. आमच्याकडं वळची एक बाई भाजी घेऊन यायची, आगरी, माझ्याच वयाची, पण मी तिला मावशी म्हणायची, ती मला बाय म्हणायची. तिनं पाटी उतरवली, वालाच्या शेंगा काढल्या, शेंगांवरनं नेहमीसारखं माझ्याशी भांडली, म्हणाली तुमची नगरची माणसं वाल खायला शिकली आमच्यापाशी आन आमालाच किडका म्हनतान. मंग तिची नजर फोटोंवर गेली.

ती वाकून बघत राहिली. मंग म्हणाली, "बाय, ही जागा घरान क्याला लावतेस? हितं आमच्या गावची लेकरं पुरलेली हान."

मी म्हणलं, कसली लेकरं. ती म्हणाली, दात न आलेली. त्यांच्यात तशा लेकराला जाळत न्हाईत. गावाबाहेर त्या करंजाकडं पडीक तुकडा हाय, तिथं पुरतात, वर मीठ टाकतात, बोरीच्या काट्या टाकतात कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. तिची स्वतःची दोन तिथंच हायत. हे ती आसं सांगत व्हती जसं कुणी सांगावं माझं माहेर अमक्या गावाला.

मी म्हणलं, आमच्या मालकांना ठाऊक नसंल, झाड चांगलं दिसलं म्हणून काढलं आसंल. ती म्हणाली, नसंल बाय, शहरातल्या मानसाला काय ठाव. मंग शेंगा मोजता मोजता आपणहून सांगायला लागली. शहरातला एक माणूस मात्र तिथं येतो. मागं उन्हाळ्यात एका दुपारी आला व्हता, गळ्यात काळा डबा आन हातात लेकरू गुंडाळलेलं. त्याच्या लोकांच्या जागेत त्याला घेतलं नव्हतं, कसला तरी कागद नव्हता म्हणून. ऊन मरणाचं, लेकरू किती वेळ घेऊन फिरणार. तिच्या सासऱ्याला तो कुठल्या लगनात भेटलेला. सासऱ्यानंच खड्डा खणून दिला. तेव्हापासून येतो बिचारा, सायकल घेऊन, उभा राहतो, जातो. गावात कुणी त्याला काही विचारत न्हाय.

मी विचारलं, लेकरू कशात गुंडाळलेलं.

"जांभला लुगडा, बारीक चौकडीचा," ती म्हणाली. "माजी सासू बोलली, चांगला लुगडा घातला मातीन."

ते लुगडं मी दोन महिने शोधलं व्हतं. बाळंतपणात माझ्या आईनं दिलेलं. चाळीतल्या एका बाईवर मी संशय पण घेतला व्हता, तिच्याशी बोलणं सोडलं व्हतं.

माझा हात खळीच्या वाटीत व्हता. खळ बोटांवर वाळून पांढरी झाली तरी मी हात काढला न्हाय. मावशी काहीतरी बोलत व्हती, मला तिचं तोंड हललेलं दिसत व्हतं. बाजूचे लूम आख्खा दिवस खटाखटा चालतात, ते पण मला ऐकू येईनात. तिला वाटलं मला चक्कर आली, तिनं आत जाऊन पाणी आणलं. मी तिला काही सांगितलं न्हाय. शेंगा घेतल्या.

मंग त्या फोटोंकडं बघितलं. तीन नाताळ आम्ही ते वाटत व्हतो. प्रत्येक घराच्या भिंतीवर माझी पोरगी पुरलेली जागा व्हती. बाया मला म्हणायच्या, तुझ्या नवऱ्याच्या हातात देवाची कृपा हाय गं, किती शांत वाटतं बघून. आन मी त्याला लोंब्या लावल्या व्हत्या. आशा नीट बसवून लावल्या व्हत्या.

संध्याकाळी हे आले. मी जेवू दिलं. हात धुऊन बसले तवा विचारलं, "अहो, पोरगी कुठं हाय?"

ह्यांनी हातातला पंचा खाली ठेवला. मंग म्हणाले, "वळला."

बाकीचं मी एकेक करून काढून घेतलं. कबरस्थानाच्या माणसानं बाप्तिस्म्याचा दाखला मागितला. न्हाय तर पाळकांची चिठ्ठी आणा म्हणाला, आन पाळक गावाला. त्या सकाळी हे एका लग्नाच्या कामावरनंच दवाखान्यात आले व्हते, म्हणून गळ्यात कॅमेरा. परत येताना तो लग्नात भेटलेला म्हातारा आठवला, म्हणून वळच्या फाट्याला उतरले. पुरून झाल्यावर एक फोटो काढला, जागेची खूण राहावी म्हणून. तोच पयला. मला पयल्या दिवशी कबरस्थान सांगितलं कारण मला ताप व्हता. मंग ते बदलायचं कसं ते कळलं न्हाय. म्हणाले, तुला वाटलं आसतं पोरगी देवाच्या बाहेर राहिली. म्हणून मी दर रविवारी जायचो, देवाला ती जागा दाखवायला.

मला राग आला का. आला. पण रागापेक्षा मला धक्का कशाचा बसला तर ह्या माणसाच्या शेजारी मी तीन वर्षं बसून रंग सुकायची वाट बघितली, आन मला काही दिसलं न्हाय. मी एवढंच म्हणलं, येत्या रविवारी मला न्यायचं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर सायकलच्या मागं बसून गेले. झाड फोटोतल्यापेक्षा बारकं व्हतं. खाचरं कापून मोकळी झालेली, ऊन पडलेलं. ह्यांनी झाडाच्या डाव्या अंगाला बोट दाखवलं, काट्या पडल्या व्हत्या तिकडं. म्हणाले, तिथं. मी जाऊन खाली बसले. काय करायचं ते मला सुचेना. जमिनीवर हात ठेवला. रडू आलं न्हाय, धक्का बसला की माझं रडू आटतं.

तेवढ्यात मावशीचा सासरा बैल घेऊन चालला व्हता, तो आला. डोक्याला टोपी, हातात काठी. आधी ह्यांच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं, आन त्याला कळलं मी कोण ते. बैल सोडून आला. म्हणाला, "फोटोवाले, तिला तिकडं क्याला बसवलंव? ती आमची लेकरं हान. तुमची पोर हितं हाय."

आन काठी टेकवली ती ह्यांच्या पायाजवळ. ह्यांनी जिथं सायकल उभी केली व्हती, बांधाच्या कडेला, तिथं.

हे म्हणाले, न्हाय बाबा, झाडाजवळ खणलं. म्हातारा म्हणाला, झाडाजवळ पयले कुदळ मारली, मुळं लागली, मंग हितं मऊ मातीत खणला. तुमी त्या वक्ताला तोंड फिरवून रडत बसलेले, तुमाला काय ठाव. मी टाकली माती, वर गवत पसरला. मना ठाव.

हे आसे उभे राहिले जसं कुणी कानाखाली मारली. मंग पटकन बाजूला झाले, पाय उचलून, जशी जमीन तापलेली हाय. कारण तिथंच उभं राहून त्यांनी सगळे फोटो काढले व्हते. पावसातला, हिरवा, पिवळा, काळा, सगळे. तिथनं झाड बरोबर दिसायचं म्हणून.

ते मटकन बसले. म्हणाले, एका पण फोटोत ती न्हाय. तीन वर्षं मी देवाला दुसऱ्यांची लेकरं दाखवली. घरी गेल्यावर सगळं फाडतो. ह्या माणसाला मी तवा पयल्यांदा मोठ्यानं रडताना बघितलं. म्हातारा आपली टोपी काढून उभा राहिला.

मी उठून बांधापाशी आले. तिथं काट्या नव्हत्या, मीठ तर कवाच विरलं आसंल, गवत व्हतं आन एक वाळका तेरडा. मी तिथं बसले आन समोर बघितलं. झाड, खाचरं, मागं डोंगराची रेघ. तसंच्या तसं.

मी म्हणलं, "फाडायचं न्हाय. पोरीला हितनं जे दिसतं, तेच तुम्ही काढलंय."

हे उठून माझ्या शेजारी आले, समोर तोंड करून बसले.

त्या नाताळाला कार्डं झाली, पण खाली वचन लिहू नका आसं मी सांगितलं. जागा कोरी ठेवली. सकाळी प्रार्थनाघरात वाटायला बसले तर आमच्यातली एक म्हातारी, पायानं अधू, कार्ड उलटंसुलटं करून म्हणाली, ह्या वर्षी देवाचा शब्द संपला काय गं तुमच्या घरात. बाया हसल्या.

मी उभी राहिले. प्रार्थनाघरात बाया उभं राहून बोलत नसत. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही जागा कुठली, तिथं कोण हाय, कबरस्थानात का न्हाय. दाखल्याचं पण सांगितलं. म्हणलं, आता हे घरात नको आसंल तर परत द्या, मी राग धरणार न्हाय. चाळीतली ती बाई दारात ऐकत व्हती, तिच्याकडं बघून लुगड्याचं पण सांगून टाकलं.

पाळक पुस्तक हातात धरून तसेच. मला वाटलं आता मला खाली बसायला सांगतील. त्यांनी विचारलं, नाव काय ठेवलं व्हतं. मी म्हणलं, तुम्ही ठेवणार व्हता. त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं.

कार्ड कुणी परत दिलं न्हाय. म्हातारीनं तिचं कार्ड पदराखाली घेतलं आन मला विचारलं, तिथवर टांगा जातो काय. म्हणलं फाट्यापर्यंत जातो, पुढं बांधावरनं चालावं लागतं. ती म्हणाली, चालंन.

नव्या वर्षाच्या पयल्या रविवारी दोन टांगे भरून माणसं वळला गेली. गावातली लोकं बघायला उभी राहिली, त्यांना कळंना एवढी माणसं त्या पडीक जागेत कशाला आली. मावशीनं हंडा भरून पाणी आणलं. पाळकांनी बांधापाशी उभं राहून पोरीला नाव दिलं. ते मी हितं सांगत न्हाय. म्हातारी म्हणाली मला खाली बसवा, आन दोघींनी धरून तिला त्या गवतावर बसवलं. ती समोर बघत राहिली, मंग ह्यांना म्हणाली, कॅमेरा आणलाय ना, मंग काढ की. ह्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. त्या दिवसाचा फोटो काही नीट आला न्हाय.