मैंदर्गीहून आलेला फुकटचा ब्लँक

मी यंत्रमागाचा फिटर. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करतोय. माग बंद पडला की चालवणारा जे सांगतो ते आधी खरं मानायचं नाही, हे मला उस्तादानं पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तो म्हणतो, 'आपोआप बंद पडला.' आपोआप काही बंद पडत नसतं. ही सवय सुटी झाली म्हणून कारखान्याच्या फाटकापाशी काढून ठेवता येत नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडे मी तसाच बघतो आणि डॉक्टरनं लिहून दिलेल्या गोळीकडेही. बायको म्हणते, लग्नाआधी बघायला आलात तेव्हा माझ्याकडेसुद्धा असेच बघत होता.

कारखान्याबाहेर मला एकच नाद आहे, गळ टाकण्याचा. रविवारी सकाळी होटगीच्या तळ्यावर जातो. मागच्या वर्षी तिथं एक मोठी मरळ लागली होती. शेवाळातून उसळी मारून तिनं आमिष घेतलं, रॉड वाकला, चांगली काठापाशी आली आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, तुटला. मासा गेला याचं वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, पण त्याहून जास्त मला प्रश्न पडला की तुटला का. गाठ सुटली असती तर टोक कुरळं झालं असतं. हे टोक केसाळ होतं, कशावर तरी घासल्यासारखं. घरी येऊन रॉडच्या प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवला. मागावर सुताच्या वाटेत कुठं खरचटलंय ते आम्ही असंच शोधतो. शेंड्याच्या रिंगेत कापूस अडकला. आतल्या सिरॅमिकला तडा होता. रॉड दोन महिन्यांपूर्वी शहरातल्या दुकानातून नवा घेतलेला. दुकानदार म्हणाला, "तुम्ही आपटला असणार." मी आपटला नव्हता.

त्या संध्याकाळी मी गळवाल्यांच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये सगळी हकिगत लिहिली. शेवटी लिहिलं, यापुढे तयार रॉड घेणार नाही. एकेक भाग स्वतः निवडून, तपासून बनवीन. माझं कोपर नट-बोल्टांचे पाने पिळून पिळून कायमचं दुखतं, म्हणून हलकाच हवा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मरळ गेल्याचं तुमीच लिवलं हुतं न्हवं?"

"हो. आपण?"

"मी मैंदर्गीचा. ग्रुपवर हाय मी बी, बोलत न्हाय कदी. माज्याकडं एक ब्लँक हाय. साडेसहा फुटी, लाईट."

ब्लँक म्हणजे रॉडचा नुसता दांडा. ना मूठ, ना रिंगा. बाकी सगळं त्यावर आपण चढवायचं.

"परदेशात बास म्हून मासा ऱ्हातो, तेच्यासाठी करतेत," तो म्हणाला. "आपल्याकडं तो मासा न्हाय. पर आपली मरळ बी तशीच की. गवतात दडती आन उडी मारती. बारक्या मरळीला आन चिलापीला लई भारी."

"किती सांगताय?"

"इकायचा न्हाय. घिऊन जावा."

"का?"

"का म्हंजे? पडून हाय की."

मी 'बघतो' म्हणून फोन ठेवला. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "विकत घेतलं तर दुकानदारावर संशय, फुकट मिळतंय तर देणाऱ्यावर. मग घ्यायचं तरी कुणाकडून?" ते बरोबर होतं. पण ओळख ना पाळख, असा माणूस असली वस्तू का देईल?

शेवटी मी 'पाठवा' म्हणून फोन केला आणि तीन दिवसांनी त्याचा मेव्हणा अक्कलकोटच्या एसटीनं आला. स्टँडवर त्यानं प्लास्टिकचा पाइप माझ्या हातात दिला. दोन्ही टोकांना चिकटपट्टी गुंडाळलेली. मी म्हटलं, चहा घ्या. चहाच्या निमित्तानं चार गोष्टी काढून घ्याव्यात असा माझा बेत होता. "नगं, बाजार करायचाय," म्हणून तो गर्दीत शिरलासुद्धा.

घरी पाइप उघडला. आत दोन तुकड्यांत जोडायचा काळा, सडपातळ दांडा निघाला. पण मुठीच्या जागेच्या वर, जिथं कंपनीचं नाव असायला हवं, तिथं घासून सगळं पुसून टाकलेलं. म्हणजे चोरीचा, नाहीतर कारखान्यानं नाकारलेला. मी तपासायला लागलो. काचेच्या टेबलावर लोळवून बघितला, सरळ होता. पिठाच्या काट्यावर तोलला, हलका होता. कार्बन म्हणून काचतंतू खपवतात हे ऐकून होतो, म्हणून कापलेल्या टोकाला मल्टीमीटर लावला. कार्बनमधून वीज जाते, काचेतून नाही. काटा हलला. माल खरा होता. त्यानं संशय कमी व्हायला हवा होता, झाला उलटाच. इतकी चांगली वस्तू कोण फुकट देतो?

दरम्यान बाकीचे भाग गोळा करणं चालू होतं. रिंगा बाहेरून मागवल्या. रिळाजवळ मोठी, मग शेंड्याकडे लहान होत जाणाऱ्या. सगळ्यांतून कापूस फिरवला आणि दोन परत पाठवल्या. मुठीसाठी कॉर्क आणला तो दिसायला देखणा, पण टाचणीनं टोचल्यावर भोकांतून लांबी, म्हणजे पुट्टी, निघाली. भोकं बुजवून वर रंग दिलेला. तो नको म्हणून काळ्या फोमची मूठ घेतली. सोलापूरच्या उन्हात हाताला घाम आला तरी सटकत नाही. रील बसवायचा खोबणीचा भाग तीन दुकानांत बघितला आणि पहिल्याच दुकानात परत जाऊन घेतला. रिंगा ज्या दोऱ्यानं बांधायच्या तो ओला करून पांढऱ्या टॉवेलवर चोळला. लाल दोऱ्याचा रंग उतरला, हिरव्याचा नाही. हिरवा ठेवला. दोन डब्यांतलं मिसळून लावायचा गोंद तेवढा मी तपासला नाही, कारण तो तपासायचा कसा ते मला माहीत नव्हतं.

आठवडा झाला असेल. रिंगांच्या जागा खुणा करून घ्यायला बसलो होतो. टॉवेलचे धागे मोजायचं भिंग हातात होतं, सहज ब्लँकवर धरलं. घासलेल्या जागेच्या वर चार बोटांवर, दांड्याभोवती गोल फिरलेली एक रेघ. केसाएवढी.

तडा!

मला बरं वाटलं. हे लिहायला चांगलं नाही, पण तसंच झालं. आठ दिवस जे शोधत होतो ते सापडलं. फुकट का दिला, नाव का खरडलं, मेव्हणा चहाला का थांबला नाही, सगळं एकदम जुळलं. मी फोन उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, 'फुकट मिळतात म्हणून तडा गेलेले ब्लँक घेऊ नका. मैंदर्गीकडून येणाऱ्या मालापासून सावध राहा.' नाव लिहिलं नव्हतं. पण ग्रुपवर मैंदर्गीचा एकच माणूस होता. पाच-सहा जणांनी हात जोडून आभार मानले. एकानं लिहिलं, असल्यांना हाकललं पाहिजे.

सकाळी बघतो तर तो ग्रुपमधून बाहेर पडला होता.

"बघ, पळाला," मी बायकोला म्हणालो.

त्याच दिवशी शेजारच्या अक्का आल्या. साठी उलटलेल्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. दोरा एकसारखा गुंडाळावा तर त्यांनीच, म्हणून रिंगा बांधायला मीच त्यांना बोलावलं होतं.

"आता काय उपयोग नाही, अक्का," मी म्हणालो. "दांडा तडकलेला निघाला."

"कुटं? दाव."

मी भिंग पुढं केलं. त्यांनी ते बाजूला सारलं, दांडा मांडीवर घेतला आणि रेघेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग म्हणाल्या, "कापूस दे."

मी दिला. त्यांनी रेघेवरून तो गोल फिरवला, आडवा, उभा. एक तंतू अडकला नाही. सगळ्या रिंगांतून कापूस फिरवणारा मी, आणि या रेघेवरून फिरवायचं मला सुचलंच नव्हतं. किंवा सुचवून घ्यायचं नव्हतं. अक्कांनी मग नखानं रेघेची कड उचलली. कांद्याचा पापुद्रा निघावा तशी वार्निशची पातळ साल सुटून आली. खाली दांडा अखंड, काळा कुळकुळीत.

"तडा असा सोलून निघतो काय रे?" त्या म्हणाल्या.

तरीही मी ऐकलं नाही. मूठ बसते ते टोक शिकंज्यात धरलं, शेंड्याला तंगूस बांधून ओढत गेलो, अगदी कमान होईपर्यंत. कान लावून होतो की कुठं तरी कुरकुरेल. मला ते कुरकुरायला हवं होतं. दांडा गप वाकला आणि सोडल्यावर गप सरळ झाला. अक्का आणि बायको दोघी माझ्याकडे बघत होत्या.

मैंदर्गीच्या नंबरवर तीनदा फोन केला. उचलला नाही. ग्रुपवर आधी 'गैरसमज झाला होता' असं लिहिलं, मग ते पुसलं आणि लिहिलं, 'ब्लँक चांगला आहे. चूक माझी होती. मी एका माणसाला विनाकारण बदनाम केलं.' पण ज्यानं वाचायला हवं तो आता तिथं नव्हता.

रॉड पुरा केला. अक्कांनी दोरा असा बसवला की भिंगाखालीही दोन वेढ्यांमध्ये फट दिसेना. मग एका रविवारी रॉड दोन भाग करून मोटारसायकलला बांधला आणि अक्कलकोटवरून मैंदर्गीला गेलो. गळाचा नाद असलेला माणूस, एवढं विचारल्यावर लोकांनी घर दाखवलं. दारात चार शेळ्या बांधलेल्या. माझ्याच वयाचा माणूस डाव्या हातानं त्यांना पाला टाकत होता. उजवा हात अंगाशी धरलेला. आतून त्याच्या बायकोनं कोण आलंय ते कानडीत विचारलं, "यारू?" मी रॉड सोडत होतो तो बघून तो तिला म्हणाला, "सोलापूरदवरू." मग मला, "का, आनी काय तपासायचं ऱ्हायलंय का?"

वाटेत जे काही जुळवून ठेवलं होतं ते सगळं विसरलो. "चुकलो मी," एवढंच म्हणालो. "तडा नव्हता. ग्रुपवर तसं लिहिलंय."

"मी कुटं हाय ग्रुपवर?"

त्यानं बसायला सांगितलं नाही. पाण्याचा तांब्या त्याच्या बायकोनं आणून दिला. मी प्यायलो. आणि मग, स्वतःलाही पटलं नाही, पण तोंडातून निघून गेलं, "नाव का खरडलं होतं त्यावरचं?"

त्यानं हातातला पाला खाली टाकला. मला वाटलं, आता हाकलून देणार.

"लई हाय की वो तुमचं," तो म्हणाला. "गुळगुळीतावर दोरा बसंना म्हून पालिश पेपर मारला मी. मग टेप लावून वार्निश मारून बगितलं. तेची कड आसंल ती." त्यानं डाव्या हातानं उजवा खांदा दाबला. "तवर गाडीवरनं पडलो. ह्यो हात वर हुत न्हाय आता. ब्लँक भितीला टेकून हुता वरीसभर. रोज दिसायचा. तुमचं वाचलं, म्हनलं ह्यो मानूस बनवंल. झालं."

मी रॉड जोडून त्याच्यापुढं धरला. त्यानं लगेच घेतला नाही. मग घेतला, डाव्या हातात, आणि शेंडा हलवला. अक्कांच्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला. "ह्ये कुनी बांदलं?"

"शेजारच्या अक्कांनी."

"तुमी न्हाय ते बरं झालं."

गावाबाहेर पाझर तलाव होता, तिथं गेलो. त्यानं डाव्या हातानं गळ टाकून बघितला. पहिल्यांदा आमिष त्याच्या पायापाशीच पडलं, दुसऱ्यांदा बाभळीत. मी काढून आणलं. तासाभरात दहा-बारा हात लांब जाऊ लागलं. मासा लागला नाही. उन्हं चढल्यावर तो म्हणाला, "चार दिवस ठिवून जावा."

मी लगेच हो म्हणालो नाही. एक क्षणच थांबलो असेन, पण त्याला ते दिसलं.

"न्हायतर ऱ्हाऊ द्या."

"नाही, ठेवा," मी म्हणालो आणि रिकाम्या हातानं गाडीला किक मारली.

चार दिवस झाले, आठ झाले. फोन नाही. मी केला नाही, कारण करताना आवाजात काय येईल याची मला खात्री नव्हती. बायकोनं नवव्या दिवशी विचारलं, "झोप येत नाही का?" मी म्हटलं, उकडतंय.

बाराव्या दिवशी त्याचा फोन आला. "रॉड वाकला की चवथ्या रिंगेपाशी तंगूस मोडल्यावानी हुतोय. ती शेंड्याकडं दोन बोटं सरकवाय पायजे. मी करालतो, पर येका हातानं हुईना."

दोरा, पातं, गोंद घेऊन मी पुढच्या रविवारी गेलो. या वेळी त्यानं घोंगडं अंथरलं. आधी रॉड वाकवून मी स्वतः बघितलं. त्याचं बरोबर होतं. जुना दोरा कापून काढला. तो डाव्या हातानं दांडा हळूहळू फिरवत राहिला आणि मी वेढे घालत गेलो. ते अक्कांसारखे आले नाहीत. त्यानं ते दोनदा सोडायला लावले.

रॉड आता बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो. महिन्यातून एक-दोन रविवार मी तिकडे जातो, आळीपाळीनं टाकतो. माझ्यासाठी दुसरा ब्लँक बघणं चालू आहे. ग्रुपवर परत या म्हणून मी त्याला दोन-तीनदा म्हटलं. तो म्हणतो, "तितं काय हाय? तुमी येता की हितं." पावसाळ्यात त्यानं त्याच रॉडवर पहिली मरळ काढली. हातभर होती. फोटो पाठवला नाही, फोन करून सांगितलं, आणि मी खरं मानलं.